हरणार हे ठाऊक असताना लिहिलेला निकाल

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी जबलपूर खटल्याचा निकाल दिला: आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्यांतले अजितनाथ राय तेव्हा सरन्यायाधीशच होते. मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती हे तिघे पुढे एकेक करून त्या खुर्चीवर बसले. ज्येष्ठतेच्या यादीत रायांच्या पाठोपाठ ज्यांचं नाव होतं ते हंसराज खन्ना मात्र कधीच सरन्यायाधीश झाले नाहीत. निकाल चार विरुद्ध एक असा लागला होता. तो एक म्हणजे खन्ना.

नैतिक धैर्याचं उदाहरण म्हणून हे नाव बऱ्याचदा घेतलं जातं. ‘बाणेदार’ हे विशेषण लावून, फार तर रामशास्त्र्यांची आठवण काढून विषय संपतो. मला हे प्रकरण एका अडचणीमुळे तपासावंसं वाटतं. खन्नांच्या निकालाने त्या दिवशी एकही स्थानबद्ध तुरुंगातून सुटला नाही. निकाल लिहायला बसले तेव्हाच आपण हरणार याचा अंदाज त्यांना होता, आणि हरण्याची किंमत काय पडेल याचाही. मग त्यांनी नेमकं केलं काय?

प्रश्न कसा उभा राहिला

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली. दोनच दिवसांनी, २७ जूनला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला: राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) खालच्या हक्कांसाठी कुणालाही कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे ‘मिसा’, १९७१ पासून होताच. आता त्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली आणि स्थानबद्धतेची कारणं सांगण्याचं बंधनही सरकारवर उरलं नाही. आपल्याकडे त्या काळातल्या माणसांच्या तोंडी ‘मिसाखाली आत होते’ हे वाक्य अजून सहज येतं. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीनुसार मिसाखाली देशभर सुमारे ३५,००० माणसं आत गेली.

त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयांत बंदी प्रत्यक्षीकरणाचे, हेबियस कॉर्पसचे अर्ज झाले, म्हणजे पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि अटक कायदेशीर आहे का ते तपासा, असे. सरकारचं म्हणणं, हे अर्ज ऐकताच येणार नाहीत. नऊ उच्च न्यायालयांनी ते मानलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही त्यांत होतं. या न्यायालयांनी आणीबाणी बेकायदा ठरवली नव्हती, कुणाची सरसकट सुटका केली नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं: हुकूम कायद्याप्रमाणे काढला आहे का, अधिकार असलेल्या अधिकाऱ्यानेच काढला आहे का, पकडायचा होता तोच माणूस पकडला आहे का, एवढं आम्ही पाहू शकतो. सरकार अपिलात गेलं. मध्य प्रदेशातल्या प्रकरणात जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी सरकारतर्फे होते आणि समोर शिवकांत शुक्ल हे स्थानबद्ध, म्हणून सगळ्या अपिलांना मिळून तेच नाव पडलं.

सरकारची बाजू कायद्याच्या अंगाने पोकळ होती असं समजू नये. ही चूक झाली की प्रकरण फार सोपं होऊन जातं आणि बाकीचे चौघे उगाच खलनायक ठरतात. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळीही असाच आदेश निघाला होता, पण त्यात अट होती: भारत संरक्षण कायद्याखाली ज्यांना पकडलं त्यांनाच तो लागू. त्यामुळे ‘मला त्या कायद्याप्रमाणे पकडलेलंच नाही’ असं म्हणायला जागा उरत होती, आणि माखनसिंग खटल्यात न्यायालयाने ती मान्य केली होती. १९७५ च्या आदेशाने ती फट बुजवली. हा आदेश बिनशर्त होता. शब्दाला शब्द लावून वाचत गेलं तर सरकारने काढलेल्या अर्थापर्यंत प्रामाणिक माणूसही पोचू शकत होता.

भर न्यायालयातला एक प्रश्न

डिसेंबर १९७५ मध्ये सुनावणी सुरू झाली. (त्याच महिन्यात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री असताना अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं होतं. मराठी वाचकाला तो डिसेंबर वेगळा समजावून सांगायला नको.)

सरकारतर्फे अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे बोलत होते. खन्नांनी त्यांना विचारलं, अनुच्छेद २१ मध्ये स्वातंत्र्याच्या जोडीला जीवितही आहे. समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ व्यक्तिगत वैरातून एखाद्याला ठार मारलं, तर तुमच्या युक्तिवादाप्रमाणे त्यावर न्यायालयात काही इलाज आहे का? डे यांनी उत्तर टाळलं नाही. आणीबाणी आहे तोवर नाही, असं ते म्हणाले. यामुळे तुमच्या सदसद्विवेकाला धक्का बसेल, माझ्याही बसतो, पण माझ्या मांडणीतून निघतं ते हेच.

खटल्याचा मर्म इथे आहे. एरवी सगळी चर्चा कलमं, पोटकलमं, ‘दाद मागण्याचा हक्क’ आणि ‘हक्क’ यांतला फरक अशा पातळीवर चालली होती. त्या भाषेत माणूस दिसत नाही. खन्नांनी प्रश्नात एक मेलेला माणूस आणून ठेवला आणि युक्तिवादाचं टोक सगळ्यांसमोर उघडं पडलं. कार्यालयात, मंत्रालयात, कंपनीच्या संचालक मंडळात चुकीचे निर्णय बहुधा अशाच गुळगुळीत भाषेत मंजूर होतात. टिपणीवर ‘बाधित कुटुंबे’ असतात, एकाही कुटुंबाचं नाव नसतं. अशा वेळी ‘हे करायचं ठरलं तर उद्या सकाळी नेमकं कुणाचं काय होईल?’ हा प्रश्न विचारायला फार अक्कल लागत नाही. तो विचारण्याची मात्र लाज वाटते, कारण तो बाळबोध वाटतो.

उत्तर पाचही न्यायाधीशांनी ऐकलं होतं. एरवी मानवी हक्कांबद्दल भरभरून बोलणारे काही सहकारी त्या वेळी गप्प बसून राहिले, अशी खंत खन्नांनी पुढे नोंदवली आहे. म्हणजे माहितीचा अभाव हे कारण कुणालाच देता येणार नाही.

चौघांनी काय केलं

चंद्रचूडांचा निकाल मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. पुण्यात कायदा शिकलेला, मुंबई उच्च न्यायालयात नाव कमावलेला हा न्यायाधीश सरकारचा हुजऱ्या नव्हता. पुढे सरन्यायाधीश म्हणून त्यांनी सात वर्षांहून जास्त काळ काढला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. स्थानबद्धांना सरकार चाबकाने मारील, उपाशी ठेवील, गोळ्याही घालील, ही भीती वकिलांमागून वकिलांनी व्यक्त केली, हे त्यांनी स्वतःच निकालात लिहिलं. आणि पुढे लिहिलं की स्वतंत्र भारताच्या इतिहासाला असा डाग लागलेला नाही, असं कधी घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा मला आहे. बेग तर आणखी पुढे गेले. स्थानबद्धांची सरकार जी काळजी घेत आहे ती जवळजवळ मातेच्या मायेची आहे, असं त्यांनी लिहिलं.

१ मार्च १९७६ ला, म्हणजे या निकालाच्या आठ आठवडे आधी, कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून कक्कयमच्या छावणीत नेलं होतं. तिथे छळात तो मेला. त्याचं प्रेतही कधी मिळालं नाही. वडील ईच्चर वारियर दारोदार फिरत राहिले आणि आणीबाणी उठल्यावर मार्च १९७७ मध्ये केरळ उच्च न्यायालयात त्यांनी हेबियस कॉर्पसचाच अर्ज केला. त्या प्रकरणात केरळचे मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावं लागलं. खन्नांचा काल्पनिक प्रश्न निकालाच्या दिवशी काल्पनिक उरलेलाच नव्हता. दिल्लीत कुणाला ते माहीत नव्हतं इतकंच, आणि माहीत करून घ्यायचे दरवाजे बंद करण्यावरच तर खटला चालला होता.

आशा ही चांगली गोष्ट आहे. पण जो माणूस अधिकारावर लगाम घालायला नेमलेला आहे त्याने लगामाच्या जागी आशा ठेवली की तो आपलं काम दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोपवतो. नेत्यांच्या तोंडी हे वाक्य निरनिराळ्या रूपांत येतं: ‘आमच्याकडे असं होत नाही’, ‘साहेब तसे नाहीत’.

खन्नांपुढचे रस्ते

कागदावर चार रस्ते होते. बहुमतात सामील होणं हा पहिला. दुसरा बहुमतात राहून दुःख व्यक्त करण्याचा, थोडक्यात चंद्रचूडांचा. तिसरा निकालाआधी राजीनामा देण्याचा, आणि चौथा भिन्नमत लिहिण्याचा.

राजीनामा बाहेरून सगळ्यांत तेजस्वी दिसतो. १९७३ मध्ये शेलट, हेगडे आणि ग्रोवर या तिघांना डावलून राय यांना सरन्यायाधीश केलं तेव्हा त्या तिघांनी तो दिलाही होता. पण १९७६ च्या सुरुवातीला खन्ना उठून गेले असते तर काय राहिलं असतं? वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, चार ओळींची बातमीही धड छापून आली नसती. निकाल मात्र एकमताचा झाला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात, जबलपूर खटल्याच्या फाइलीत, दुसरी बाजू उरलीच नसती.

दुसरा मोह जास्त खोल आहे आणि भल्या माणसांनाच तो गाठतो. राय २८ जानेवारी १९७७ ला निवृत्त होणार होते. खन्नांचा जन्म ३ जुलै १९१२ चा, म्हणजे पासष्टी पुरी होईतो त्यांना सरन्यायाधीश म्हणून जेमतेम पाच महिने मिळाले असते. ‘आत्ता दमानं घेऊ, खुर्ची हातात आली की न्यायसंस्थेसाठी काहीतरी करू’ हा विचार त्यांच्या मनात आला की नाही हे कुणी सांगू शकत नाही. आला असता तर त्याला नाव ठेवणं अवघड होतं. मोठ्या पदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब नेहमी शहाणपणाचाच वाटतो. त्यात अडचण एवढीच की खुर्चीपर्यंत पोचण्यासाठी जे गिळलं ते खुर्चीवर बसल्यावर ओकता येत नाही.

खन्नांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग आहे. निकालाआधी ते हरिद्वारला होते. गंगेकाठी बहिणीला ते म्हणाले, मी निकाल लिहून ठेवला आहे, आणि त्यापायी माझं सरन्यायाधीशपद जाणार आहे.

या वाक्यात तक्रार दिसत नाही, आवेशही नाही. बाजारातून आल्यावर घरात खर्च सांगावा तसं ते सांगून टाकलेलं आहे. माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथे आहे. खन्नांनी किंमत आधी मोजली आणि मनातल्या मनात भरूनही टाकली. ती भरून झाल्यावर लिहिताना ओरडायची गरज पडली नाही, आणि दबकूनही लिहावं लागलं नाही. त्यांचा निकाल वाचणाऱ्याची पहिल्यांदा निराशाच होते, इतका तो संयमी आहे. आणीबाणीवर त्यांनी हल्ला चढवलेला नाही. राष्ट्रपतींचा आदेश त्यांनी रद्दबातल म्हटलेला नाही. त्यांनी एकच गाठ पकडली: जीवित आणि स्वातंत्र्य यांचं एकमेव भांडार अनुच्छेद २१ आहे का? नाही, असं त्यांनी लिहिलं. राज्यघटना अमलात येण्याआधीही, अगदी इंग्रजी अमदानीतही, कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेता येत नव्हतं. कायद्याच्या राज्याचं ते गृहीतकच आहे. मग एक अनुच्छेद तहकूब केला म्हणून राज्यसंस्थेला तो अधिकार नव्याने कुठून मिळेल?

जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच त्यांनी म्हटलं. धैर्याच्या भरात माणसं पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त बोलतात आणि मग त्यांचं बोलणं खोडून काढणं सोपं जातं.

शेवटी त्यांनी अमेरिकेचे सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांचं वचन घेतलं: अंतिम न्यायालयातलं भिन्नमत हे उद्याच्या दिवसाच्या बुद्धीकडे केलेलं अपील असतं. इंग्लंडमध्ये लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी दुसऱ्या महायुद्धात स्थानबद्धतेच्याच खटल्यात एकट्याने असं मत दिलं होतं आणि काळाने ते उचलून धरलं होतं. खन्नांच्या पाठीशी एवढीच परंपरा होती, आणि तीही हरलेल्यांची.

त्यानंतर

दोन दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात लिहिलं की भारत पुन्हा स्वातंत्र्याकडे वळला तर कुणीतरी खन्नांचं स्मारक नक्की उभारील. इकडे सरकार वेगळ्या तयारीत होतं. त्या वर्षात उच्च न्यायालयांतल्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सरकारविरुद्ध गेलेल्या दिल्लीच्या दोन न्यायाधीशांपैकी रंगराजन यांना गुवाहाटीला पाठवलं आणि अगरवाल यांना परत सत्र न्यायाधीश केलं. हे लोक खन्नांपेक्षा कमी धैर्याचे नव्हते. त्यांच्याकडे बघायला न्यूयॉर्क टाइम्स नव्हता, एवढाच फरक. प्रकरण अभ्यासात नेहमी शिखरावरचा माणूस दिसतो. त्याच्याखाली नऊ उच्च न्यायालयांतले न्यायाधीश होते आणि जास्त धोका त्यांनी पत्करला होता, कारण त्यांची बदली एका सहीने होऊ शकत होती.

१८ जानेवारी १९७७ ला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. वातावरण सैल होत होतं, कैदी सुटू लागले होते. तरीही दहाच दिवसांनी खन्नांना डावलून बेग यांची नेमणूक झाली. खन्नांचा कार्यकाळ फार थोडा उरतो, असं कारण पुढे केलं गेलं. तेव्हाचे कायदामंत्री हरी रामचंद्र गोखले हे स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. पाच महिने म्हणजे किती हे त्यांना समजत नसेल असं म्हणवत नाही. खन्नांनी राजीनामा दिला. या वेळी तो योग्य होता: लिहायचं ते लिहून झालं होतं.

पुढचं त्यांचं आयुष्य मूर्तीत बसवण्याजोगं नाही. १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात ते कायदामंत्री झाले आणि तीनच दिवसांत बाहेर पडले. १९८२ मध्ये विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि झैलसिंगांकडून हरले. मला हे दोन्ही निर्णय खटकतात. निवृत्त न्यायाधीशाने राजकारणाच्या इतकं जवळ जाऊ नये असं माझं मत आहे, आणि खन्नांना त्यातून सूट द्यावी असं वाटत नाही. पण एप्रिल १९७६ चं मोजमाप त्यावरून करू नये.

चंद्रचूडांनी आणीबाणीनंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली. राजीनामा देण्याचं धैर्य आपल्याला झालं नाही, असं ते म्हणाले. भगवतींनी २०११ मध्ये, नव्वदीच्या घरात असताना, आपलं चुकलं असं कबूल केलं. कबुलीला पस्तीस वर्षं लागली याबद्दल त्यांना टोचणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, निदान त्यांनी ती दिली.

चुकीची दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही तहकूब करता येणार नाहीत असं ठरलं. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल मोडीत काढला. त्या चौघांचे निकाल गंभीर दोषांनी भरलेले होते, असं ज्यांनी लिहिलं ते न्यायमूर्ती होते धनंजय यशवंत चंद्रचूड. मुलाने वडिलांचा निकाल खोडला, अशा बातम्या झाल्या. खन्ना २००८ मध्येच गेले होते. त्या निकालात जागोजाग त्यांचं १९७६ चं मत उद्धृत केलेलं आहे. उद्याच्या दिवसाला पोचायला एकेचाळीस वर्षं लागली, पण फाइलीत कागद होता म्हणून तो हाती लागला.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायालय क्रमांक २ मध्ये, जिथे खन्ना बसत, त्यांचं चित्र लावलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि ११ तारखेला त्यांच्या जागी संजीव खन्ना यांनी शपथ घेतली. ते हंसराज खन्नांचे पुतणे. त्यांचा कार्यकाळ सहा महिन्यांचा होता, आणि तो फार थोडा आहे म्हणून या वेळी कुणी त्यांना डावललं नाही. यात नियतीचा न्याय वगैरे शोधू नये. ज्येष्ठतेच्या यादीत नाव होतं, त्याप्रमाणे नेमणूक झाली. १९७७ मध्येही यादीत नाव होतंच.